परदेशातले एक सत्र: चार-पाच महिन्यांत नेमके काय हाती लागते?

पाऊलखूण (धागाकर्ती)

मी महाविद्यालयात शिकवते. दरवर्षी दुसरे वर्ष संपत आले की दोन-चार विद्यार्थी एकच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात: पदवीच्या मधले एक सत्र परदेशी विद्यापीठात काढावे का, आणि काढले तर त्याचा खरोखर उपयोग होतो का? प्रत्येकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे आणि इथल्या अनुभवी मंडळींचे म्हणणेही ऐकावे, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे मत आधीच सांगून टाकते. पाहुणा म्हणून परदेश पाहणे वेगळे आणि हजेरीपटावर नाव असलेला साधा विद्यार्थी म्हणून तिथल्या वर्गात बसणे वेगळे. सत्राचा जो काही मोठा फायदा आहे, तो या दुसऱ्या गोष्टीत आहे. बाकीचे सगळे, म्हणजे प्रवास, छायाचित्रे, ओळखी, हे सुट्टीतल्या सहलीतही थोडेफार मिळते.

मी स्वतः पदवीच्या तिसऱ्या वर्षी जर्मनीत एक सत्र शिकले. पहिल्या दिवशी वेळापत्रकात दहाचा तास होता, म्हणून मी दहाला पाच कमी असताना वर्गात पोहोचले. वर्ग पूर्ण रिकामा होता. चुकीच्या इमारतीत आले की काय, या धास्तीने मी दोन मजले पालथे घातले आणि परत आले, तेव्हा सव्वादहाला प्राध्यापक शांतपणे आत येत होते. वेळेपुढे लिहिलेली 'सी.टी.' ही दोन अक्षरे मी पाहिलीच नव्हती. 'कुम टेंपोरे' या लॅटिन शब्दांचे ते लघुरूप आहे आणि तास पंधरा मिनिटे उशिरा सुरू होतो, एवढाच त्याचा अर्थ. तास संपला तेव्हा सगळ्यांनी बोटांच्या पेरांनी बाकावर ठकठक केली. टाळ्यांऐवजी तिथे असे बाक वाजवतात, हे मला शेजारच्या मुलीने सांगितले.

या झाल्या वरवरच्या गोष्टी. खरा धक्का तिसऱ्या आठवड्यातल्या चर्चासत्रात बसला. एक शोधनिबंध वाचून त्यावर बोलायचे होते आणि मी त्याचा नेटका सारांश लिहून नेला होता. माझे वाचून झाल्यावर प्राध्यापकांनी विचारले, "लेखकाचे कुठे चुकले असे तुम्हाला वाटते?" मला काहीच बोलता आले नाही. छापलेले पान समजून घ्यायचे असते, एवढेच मला तोवर ठाऊक होते. त्याच्याशी भांडायचेही असते, हे मला कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल तर मी ऐकले नव्हते. पुढच्या निबंधाच्या वेळीही माझी तीच गत झाली. तिसऱ्या वेळी मात्र मी एकच परिच्छेद चार दिवस घेऊन बसले आणि लेखकाने सुरुवातीला केलेली एका संज्ञेची व्याख्या निष्कर्षापर्यंत जाताना नकळत बदलली आहे, हे मला सापडले. मी ते मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मांडले. त्या दिवशी बाके माझ्यासाठी वाजली.

हे मला घरच्या विद्यापीठात शिकता आले नसते, असा माझा दावा नाही. पण तिथे गेल्यावर माझ्या अंगवळणी पडलेली अभ्यासाची पद्धत ही अनेक पद्धतींपैकी एक आहे, हे मला प्रथमच दिसले. आज मी शिकवते त्यावर त्या पाच महिन्यांचा ठसा इतर कोणत्याही वर्षापेक्षा अधिक आहे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाने 1923 साली, पहिल्या महायुद्धात लढून आलेल्या रेमंड कर्कब्राइड या फ्रेंचच्या प्राध्यापकाच्या आग्रहावरून, आठ विद्यार्थ्यांना पदवीच्या तिसऱ्या वर्षासाठी फ्रान्सला पाठवले होते. तेव्हा पूर्ण वर्ष जावे लागे. आता एक सत्र किंवा त्याहूनही कमी काळ जाणारे पुष्कळ आहेत. युरोपात 1987 साली देशोदेशींच्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करणारी इरॅस्मस योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी अकरा देशांतून 3,244 विद्यार्थी गेले होते. पुढे ही संख्या लाखोंवर पोहोचली.

आपले अनुभव लिहावेत. जे जाऊन आले आणि निराश झाले, त्यांनी तर अवश्य लिहावे.

दिवेलागण

धागा वेळेवर आला. माझी मुलगी पुढच्या वर्षी एका सत्रासाठी जाऊ इच्छिते, त्यामुळे मी पालक म्हणून लिहीत आहे.

तुमच्या चर्चासत्राचा प्रसंग मनाला भिडला, तरी माझी शंका सरळ आहे. पदवी एका विद्यापीठाची, अभ्यासक्रम तिथला, परीक्षा तिथली. मधूनच एक सत्र काढून दुसरीकडे गेल्यावर त्या सत्रातले विषय बुडतात की राहतात? आणि चार-पाच महिन्यांपैकी पहिला महिना रुळण्यात आणि शेवटचा परतीच्या तयारीत गेला, तर मधल्या दोन-तीन महिन्यांत माणूस खरोखर बदलतो का? मुलीचा उत्साह मला मोडायचा नाही, पण केवळ उत्साहावर तिला पाठवायचेही नाही.

अर्धविराम

दिवेलागण, तुमचा पहिला प्रश्न हाच या साऱ्या प्रकरणाचा कणा आहे. मी अनेक वर्षे एका विद्यापीठाच्या विद्यार्थी-विनिमय विभागात काम केले आहे आणि जाणाऱ्या-येणाऱ्या शेकडो विद्यार्थ्यांचे कागद माझ्या हातांखालून गेले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

इरॅस्मस योजनेमागची एक खरी गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. सोफिया कोराडी ही रोममध्ये कायदा शिकणारी विद्यार्थिनी अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली आणि तिथे कायद्यातली पदव्युत्तर पदवी घेऊन 1958 साली परतली. परदेशातला तो अभ्यास आपल्या पदवीत धरावा, अशी विनंती तिने केली, तेव्हा तिच्या विद्यापीठाने ती धुडकावली आणि चारचौघांत तिचा अपमानही केला. तो सल तिने आयुष्यभर जपला आणि कामाला लावला. पुढे इटलीतल्या कुलगुरूंच्या परिषदेची सल्लागार झाल्यावर, परदेशातला अभ्यास घरी मान्य झालाच पाहिजे, हा प्रस्ताव तिने 1969 पासून चिकाटीने लावून धरला. म्हणूनच तिला 'मम्मा इरॅस्मस' म्हणतात. अभ्यास मोजला गेला पाहिजे ही अट या कल्पनेच्या मुळाशीच आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आता हे मोजणे कसे चालते ते पाहू. युरोपात 1989 पासून श्रेयांकांची (क्रेडिट्सची) एक समाईक पद्धत प्रयोगादाखल सुरू झाली आणि आज ती सर्वत्र रुळली आहे. पूर्ण वर्षाच्या अभ्यासाला 60 श्रेयांक, म्हणजे सत्राला 30. एका श्रेयांकामागे 25 ते 30 तासांचे काम धरले जाते आणि त्यात केवळ तासिका नव्हे, तर वाचन, लेखन, प्रयोग, परीक्षेची तयारी असे सगळे येते. सत्राचे 750 ते 900 तास होतात. मुलगी 'फिरायला' चालली आहे, असे कोणी म्हटले तर त्यांना हा आकडा सांगावा.

जाण्यापूर्वी तीन सह्यांचा एक कागद होतो, त्याला लर्निंग ॲग्रीमेंट म्हणतात. विद्यार्थिनी, मूळ विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ या तिघांच्या त्यावर सह्या असतात. यजमान विद्यापीठात कोणते विषय घेणार, आणि त्यांच्या बदल्यात घरचे कोणते विषय झाले असे मानले जाणार, या दोन याद्या त्यात समोरासमोर असतात. पहिली यादी सगळे नीट भरतात; घोटाळा होतो तो दुसरीत. 'परत आल्यावर बघू' असे कोणी तोंडी म्हणाले, तर ते मानू नका. विषयाच्या नावावरही विसंबू नका, अभ्यासक्रमाचा तपशील उतरवून घ्या आणि आपल्या विषयशिक्षकांची लेखी संमती घ्या.

गुणांचे रूपांतर हा दुसरा नाजूक भाग. जर्मनीत 1.0 सर्वोत्तम असतो आणि 4.0 ला विद्यार्थी जेमतेम उत्तीर्ण होतो, म्हणजे आकडा जितका लहान तितके चांगले. इटलीत विषयाची परीक्षा 30 गुणांची आणि उत्तीर्णतेची रेघ 18 वर. फ्रान्समध्ये 20 पैकी 10 ला पास. जर्मन विद्यापीठे परदेशी गुण बदलताना एक सूत्र वापरतात: सर्वोच्च गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागायचे, आलेल्या संख्येला तिनाने गुणून त्यात एक मिळवायचा. इटलीतले 27 गुण या हिशेबाने 1.75 होतात, आणि ते योग्यच वाटते. पण फ्रान्समधले 14 गुण घ्या. तिथे 14 ला 'चांगला' असा शेरा मिळतो आणि 16 च्या वर फार थोडे जातात. सूत्रात मात्र त्या 14 चे 2.8 होतात, म्हणजे जर्मन हिशेबाने केवळ समाधानकारक. चांगला विद्यार्थी कागदावर मध्यम दिसू लागतो. यात कोणी लबाडी केलेली नसते, पण विद्यार्थ्याला हे आधी कळले पाहिजे. काही विद्यापीठे परदेशी सत्राचे गुण सरासरीत धरतच नाहीत आणि फक्त 'उत्तीर्ण' एवढेच नोंदवतात. माझ्या मते एका सत्रासाठी ही रीत अधिक न्याय्य आहे, कारण मग विद्यार्थी अवघड विषय घ्यायला कचरत नाही.

नदीकाठ

धागाकर्तीने निराश झालेल्यांना बोलावले आहे, म्हणून लिहितो.

माझे सत्र तिकडे उत्तम गेले. पाच विषय घेतले, पाचही उत्तीर्ण झालो, त्यांपैकी सांख्यिकीचा एक विषय तर इतका चांगला शिकवला गेला की माझी पुढची नोकरी त्यावरच उभी राहिली. परत आल्यावर माझ्या विद्यापीठाने पाचपैकी दोनच विषय मान्य केले. एका विषयाचे नाव जुळत नव्हते, एकात प्रयोगशाळेचे तास कमी भरत होते, आणि तिसऱ्याला ज्या शिक्षकांनी तोंडी होकार दिला होता, ते दरम्यान दुसरीकडे निघून गेले होते. ते तीन विषय मला पुढच्या दोन सत्रांत नेहमीच्या विषयांबरोबर पुन्हा करावे लागले. त्या वर्षी माझी झोप आणि तब्येत दोन्ही बिघडली.

अर्धविराम यांनी लिहिलेला दुसऱ्या यादीचा मुद्दा मला त्या वेळी कोणी सांगितला असता तर! कागद माझ्याकडेही होता. पण तिकडे पोहोचल्यावर दोन विषयांचे तास एकाच वेळी येत असल्याने मी एक विषय बदलला, आणि तो बदल कागदावर आणायला विसरलो. विषय बदलणे नेहमीचेच आहे, त्यात काही चूक नाही. बदलल्यावर त्याच आठवड्यात नवा कागद करून तिन्ही सह्या घेणे महत्त्वाचे.

एवढे सोसूनही पुन्हा संधी मिळाली तर मी जाईन. पण ती तीन विषयांची किंमत कोणालाही मोजावी लागू नये, असे मनापासून वाटते.

पाऊलखूण (धागाकर्ती)

नदीकाठ, इतके मोकळेपणाने लिहिल्याबद्दल आभार. तुमचा अनुभव मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला देणार आहे. विषय बदलल्यावर नवा कागद करण्याचे माझ्याही सांगण्यात आजवर येत नव्हते.

काचखिडकी

मी इटलीत सत्र केले. पाऊलखूण यांनी वर्गाबद्दल लिहिले, मी परीक्षेबद्दल लिहिते.

तिथे अनेक विषयांची परीक्षा तोंडी असते. एका मोठ्या खोलीत प्राध्यापक आणि त्यांचे सहायक टेबलाशी बसलेले असतात, परीक्षार्थी एकेक करून समोरच्या खुर्चीवर जाऊन बसतो आणि बाकीचे मागे बसून ऐकत असतात. मी आधीच्या बारा जणांच्या परीक्षा ऐकल्या. लिहिताना आपण ठाऊक नसलेल्या भागाला वळसा घालून पुढे जाऊ शकतो. समोर माणूस बसला असेल, तर तो नेमका तिथेच थांबवतो. माझ्या आधीच्या मुलाला प्राध्यापकांनी एका सिद्धान्ताचे नाव घेताच थांबवून विचारले, "हे नाव न घेता सांगा." त्याला सांगता येईना. पुस्तकी शब्द काढून घेतला की मागे काय उरते, हे मी त्या क्षणी स्वतःच्या डोक्यात तपासू लागले आणि मलाही घाम फुटला.

माझी पाळी आली तेव्हा मला 24 गुण देऊ केले. 'देऊ केले' असेच म्हणावे लागेल, कारण तिथे विद्यार्थी बहुधा गुण नाकारून पुढच्या वेळी पुन्हा परीक्षेला बसू शकतो. प्राध्यापकांनी विचारले, "घेता का?" आपल्या गुणांविषयी कोणी मला विचारते आहे, हेच मला नवीन होते. मी नाकारले, तीन आठवडे पुन्हा अभ्यास केला आणि दुसऱ्या वेळी 28 घेतले. त्या तीन आठवड्यांत मी जे शिकले ते आजही विसरलेले नाही, कारण प्रत्येक संकल्पना मी तिचे नाव न घेता मोठ्याने बोलून पाहत होते. आता नोकरीत कोणाला काही समजावून सांगायचे असले, की मी तसेच करते.

भाषेबद्दल एक सांगावेसे वाटते. माझे विषय इंग्रजीतून होते, त्यामुळे इटालियन न शिकताही सत्र निभावले असते, आणि माझ्याबरोबरच्या काही जणांनी तसेच केले. पण वर्गातली भाषा आणि जिन्यावरची भाषा वेगळी असते. शंका, चेष्टामस्करी, अभ्यासाच्या टिपा, कोणत्या प्राध्यापकांना काय आवडते, हे सगळे जिन्यावरच्या भाषेत चालते. युरोपीय भाषामापनात ए1 पासून सी2 पर्यंत सहा पायऱ्या आहेत. माझ्या अनुभवाने जाण्यापूर्वी किमान दुसरी पायरी चढलेली असावी. मग पाच महिन्यांत माणूस तिसरीवर सहज पोहोचतो आणि जिन्यावर थांबून बोलू लागतो. शून्यावरून निघालेल्याचे सत्र मात्र अक्षरे गिरवण्यातच संपते.

दिवेलागण

हे सगळे वाचून माझा पहिला प्रश्न बराच सुटला. दुसरा अजून तसाच आहे. इतक्या थोड्या काळात खरा बदल होतो का? आणि एक गोष्ट विचारायला संकोच वाटतो, पण विचारतो. मुलगी एकलकोंडी नसली तरी घरापासून कधी लांब राहिलेली नाही. मन लागले नाही तर?

पाऊलखूण (धागाकर्ती)

दिवेलागण, संकोच कशाला? हा प्रश्न विचारला जात नाही, म्हणूनच मुले एकटी पडतात.

परक्या ठिकाणी मन गोंधळण्याला 'कल्चर शॉक' म्हणतात आणि 1950 च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी ही संज्ञा रूढ केली. त्यांचे म्हणणे असे की रोजच्या व्यवहारातले असंख्य बारीक संकेत, म्हणजे कधी हात पुढे करायचा, कधी नाही म्हणायचे, कोणते बोलणे गंभीरपणे घ्यायचे, हे अचानक नाहीसे होतात, आणि त्यातून अस्वस्थता येते. त्याच काळात, 1955 मध्ये, लिसगार्ड या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेत जाऊन आलेल्या दोनशेंहून अधिक नॉर्वेजियन फुलब्राइट अभ्यासकांशी बोलून रुळण्याचा आलेख इंग्रजी 'यू' अक्षरासारखा असतो असे मांडले: आधी उत्साह, मग घसरण, मग पुन्हा चढ. पुढे 1998 मध्ये कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा चित्र वेगळे निघाले. सर्वांत कठीण काळ अगदी सुरुवातीचा होता आणि नंतर तो हळूहळू सौम्य होत गेला.

माझा अनुभव या दुसऱ्या चित्राशी जुळतो. पहिले तीन आठवडे मी रोज रात्री खोलीत दिवा लावून नुसती बसत असे. दिवसभर परक्या भाषेत ऐकून डोके इतके शिणलेले असे की कोणाशी बोलण्याची इच्छाच उरत नसे, आणि घरी फोन केला की नंतर अधिकच रडू येई. मला त्यातून बाहेर काढले ते एका साध्या गोष्टीने: दर मंगळवारी विद्यापीठाच्या समूहगान मंडळाचा सराव असे, त्यात मी नाव घातले. तिथे बोलावे लागत नव्हते, गावे लागत होते, आणि दर आठवड्याला तीच चाळीस माणसे भेटत होती. मन लागण्यासाठी कार्यक्रमांपेक्षा ठरलेल्या दिवशी भेटणारी तीच ती माणसे अधिक उपयोगी पडतात, असे मी तेव्हापासून सर्वांना सांगते. मुलीला पहिल्या पंधरवड्यातच असे एखादे मंडळ, खेळाचा संघ किंवा अभ्यासगट शोधायला सांगा. घरी रोज तासभर बोलण्यापेक्षा आठवड्यातले दोन दिवस ठरवून बोला. हे पालकांना जड जाते, मला कल्पना आहे. मात्र झोप, जेवण किंवा वर्गाला जाणे सुटू लागले आणि आठवड्यापेक्षा अधिक काळ तसेच राहिले, तर तिने विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जावे. बहुतेक ठिकाणी ही सोय असते आणि बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांसाठीही ती खुली असते. तिची वेळ कशी मिळते, हे गरज पडण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

आता बदलाबद्दल. 2009 साली मॅडक्स आणि गॅलिन्स्की या संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक जुने कोडे घातले. मेणबत्ती, काडेपेटी आणि ड्रॉइंग पिनांनी भरलेली डबी दिली आहे. मेणबत्ती भिंतीवर अशी लावा की मेण खाली सांडणार नाही. बहुतेक जण मेणबत्तीच पिनांनी भिंतीला टोचू पाहतात. उत्तर असे की डबी रिकामी करायची, तीच पिनांनी भिंतीला लावायची आणि तिच्यावर मेणबत्ती उभी करायची. डबी ही पिना ठेवायची वस्तू आहे, ही समजूत सोडता आली तरच हे सुचते. जे अधिक काळ परदेशात राहिले होते, त्यांना हे अधिक प्रमाणात सुटले. परदेशात किती काळ नुसता प्रवास केला, याचा मात्र संबंध दिसला नाही. मुळात कल्पक असलेली माणसेच परदेशात राहायला जात असतील, ही शक्यता या एका निष्कर्षाने पूर्ण मिटत नाही, हे मी विद्यार्थ्यांनाही सांगते. तरीही राहणे आणि फिरणे यांतला हा फरक माझ्या पाहण्याशी जुळतो. शनिवार-रविवारी सतत बाहेर पडून पाच महिन्यांत दहा देश पाहणाऱ्यांपेक्षा त्याच गावात राहून ग्रंथालयाच्या रखवालदाराला नावाने ओळखू लागलेले विद्यार्थी मला परतल्यावर अधिक बदललेले दिसले आहेत.

अर्धविराम

पाऊलखूण यांच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. आमच्याकडे येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांपैकी जे आपापल्या देशाच्या मुलांचाच कंपू करून राहत, ते जाताना आमच्या विद्यापीठाबद्दल दोन वाक्ये सांगू शकत नसत. वसतिगृहात खोली मागताना स्थानिक विद्यार्थ्यांबरोबरची मागावी.

वेळापत्रकाचाही विचार आधी करा. जर्मनीत हिवाळी सत्राच्या तासिका ऑक्टोबरात सुरू होऊन फेब्रुवारीत संपतात आणि परीक्षा बऱ्याचदा त्यानंतर असतात. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये उघडते. ऑस्ट्रेलियातले पहिले सत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये. आपल्या विद्यापीठाचे पुढचे सत्र जानेवारीत सुरू होत असेल, तर जर्मनीचे हिवाळी सत्र त्यावर आदळते. अशा वेळी लवकर परीक्षा देण्याची परवानगी मिळते का, हे अर्जापूर्वी विचारावे. शेंगेन देशांत, म्हणजे समाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांत, बाहेरच्या नागरिकाला अल्पमुदतीच्या व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते, त्यामुळे सत्रासाठी दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा किंवा निवास परवाना लागतो. प्रवेशपत्र, पैशांची तजवीज आणि आरोग्यविमा यांचे कागद त्याला जोडावे लागतात. प्रवेशपत्र हाती पडताच व्हिसाची भेट ठरवावी, एक दिवसही वाया घालवू नये.

शुल्काचेही एक सांगतो. दोन विद्यापीठांमध्ये विनिमय करार असेल, तर विद्यार्थी सहसा आपल्याच विद्यापीठाचे शिक्षणशुल्क भरत राहतो आणि यजमान विद्यापीठाला वेगळे शिक्षणशुल्क देत नाही. इरॅस्मसमध्ये हा नियमच आहे. करार नसताना स्वतंत्रपणे गेलेल्या विद्यार्थ्याला यजमानाचे पूर्ण शुल्क पडू शकते. म्हणून आधी करारांची यादी पाहावी आणि मग देश निवडावा. पुष्कळ विद्यार्थी नेमके उलट करतात.

ओंजळ

वेगळा मुद्दा मांडते. ज्यांच्यावर घरातल्या आजारी माणसाची जबाबदारी आहे, जे शिकताना नोकरी करतात, ज्यांना प्रवास झेपत नाही, त्यांच्यासाठी हा सगळा लाभ दूरच राहतो. मी त्यांपैकीच एक होते. इरॅस्मसमध्ये आता 5 ते 30 दिवस प्रत्यक्ष जाऊन उरलेले काम दूरस्थ पद्धतीने, त्याच गटाबरोबर करण्याची सोय आहे, आणि मी तशाच एका गटात काम केले. तीन देशांतले सहा विद्यार्थी एका अहवालावर दोन महिने झटत होतो. जिन्यावरची भाषा मला मिळाली नाही, हे मान्य. पण एखादे वाक्य उद्धट वाटेल की स्पष्ट, यावर सहा जणांची सहा मते असतात, हे मी तिथेच शिकले. पूर्ण सत्र जमत नाही म्हणून कोणी सगळेच सोडून देऊ नये.

दिवेलागण

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मुलीला हा धागा वाचायला दिला. आज सकाळी तिने दोन याद्या समोरासमोर लिहून दाखवल्या. पाचपैकी चार विषयांना जोड सापडली आहे, पाचव्यासाठी ती उद्या विषयशिक्षकांना भेटणार आहे. तिने तुमच्यासाठी एकच प्रश्न दिला आहे: परतल्यावर तिकडची गुणपत्रिका किती दिवसांत येते? पुढच्या सत्राची नोंदणी त्यावर अडेल का?

अर्धविराम

चांगला प्रश्न विचारला तिने. इरॅस्मसच्या करारात निकाल लागल्यापासून साधारण पाच आठवड्यांत ही गुणपत्रिका (ट्रान्सक्रिप्ट) पाठवण्याची अपेक्षा आहे. इतर करारांत मुदत वेगळी असू शकते, म्हणून यजमान विद्यापीठाच्या समन्वयकांना आत्ताच विचारून ठेवावे. पुढच्या सत्राची नोंदणी तोवर तात्पुरती करता येते का, हे आपल्या परीक्षा विभागाकडून लेखी घ्यावे. निघण्यापूर्वी तिने प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, लिहिलेले निबंध आणि प्रयोगवह्या यांच्या प्रती जपून आणाव्यात. मान्यतेवर वाद झाला, तर नावापेक्षा हे कागद अधिक बोलतात. आणि पाचव्या विषयाचे शिक्षक 'हो' म्हणाले, तर त्यांची सही उद्याच घ्यावी.

नदीकाठ

सहीखाली तारीखही घालून घ्यायला सांगा. माझ्या एका कागदावर ती नव्हती.